छपराखालच्या औषधी रोपांवरील लाल कोळी : निदान व चिकित्सा

चिकित्सेपूर्वी निदान, हा आपल्या शास्त्राचा पहिला धडा होय. रुग्णाच्या बाबतीत आपण तो सहसा विसरत नाही. परंतु दवाखान्यामागील झाड आजारी पडले की मात्र त्याचे विस्मरण होते. आम्हांस ते झाले. त्यातून काय घडले हे सांगून वैद्यबंधूंना आणि औषधनिर्मात्यांना वेळीच सावध करावे, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यावर कट्टा हे बाजाराचे गाव आहे. भूमी जांभ्याची, मृगापासून हस्तापर्यंत धो धो पाऊस, आणि फाल्गुन-चैत्रात रस्त्याकडेच्या प्रत्येक पानावर तांबड्या धुळीचा थर. या हवेत अडुळसा, तुळस, गुळवेल, निर्गुडी आपसूक वाढतात. अश्वगंधा मात्र येथील पावसात कुजते. ती मंदसौर-नीमचकडील कोरड्या हवेत रमणारी वनस्पती. तरुण वैद्यांना ओली अश्वगंधा प्रत्यक्ष दाखवता यावी म्हणून आम्ही दवाखान्यामागे शेडनेट उभारले, वर प्लास्टिकचे छत घातले आणि कुंड्यांतून अश्वगंधा लावली. त्याच छपराखाली पुदिना, तुळस आणि अडुळशाची काही रोपेही ठेवली.

एका फाल्गुनात अश्वगंधेच्या पानांवर बारीक फिकट ठिपके दिसू लागले. पोषण कमी पडले असे समजून आम्ही युरिया दिला. पाने अधिकच निस्तेज झाली. मग एका कृषी सेवा केंद्रात पान दाखवले. तेथील गृहस्थांनी पानाकडे ओझरते पाहून एक बाटली दिली आणि आम्हीही लेबल न वाचता ती आणली. ‘एकदा पंप भरलाच आहे तर सगळ्यांवरच मारू’ अशा विचाराने अडुळशासकट सर्व रोपांवर फवारणी केली. आठ-दहा दिवस बरे गेले. पुढील पंधरवड्यात शेंड्यांवर कोळिष्टके दिसू लागली आणि पाने तांबूस होऊन गळू लागली. तेव्हा कुठे आम्ही भिंग हाती घेतले. पानाच्या मागे शेकडो सूक्ष्म जीव फिरत होते. बाटलीवरील लेबल त्यानंतर वाचले. आत सायपरमेथ्रिन होते.

त्याच आठवड्यात गावातील एक भगिनी लहान मुलाच्या खोकल्यासाठी अडुळशाची पाने मागावयास आल्या. पाने हिरवीगार होती, त्यांच्यावर कोणताही रोग नव्हता. आणि तरीही आम्हांस ती देता आली नाहीत. त्या भगिनींना कारण सांगताना जो संकोच वाटला, तो या लेखाचा खरा आरंभ होय.

हा प्राणी कोण?

आपल्याकडे ‘लाल कोळी’ या नावाने ओळखला जाणारा हा जीव कीटक नव्हे. कीटकास सहा पाय असतात; यास पूर्ण वाढीनंतर आठ. प्राणिशास्त्रात तो कोळी व विंचू यांच्या वर्गात बसतो. त्याच्या सर्वाधिक आढळणाऱ्या जातीस टेट्रॅनिकस अर्टिकी असे नाव असून तिचे वर्णन कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८३६ मध्ये केले. मादीची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. रंग नेहमी लाल असतोच असे नाही. फिकट हिरवट-पिवळ्या अंगावर दोन्ही बाजूंस एकेक गडद डाग, असेही तिचे रूप असते. हजाराहून अधिक वनस्पतींवर तिची नोंद आहे. वांगी, भेंडी, घेवडा, पपई, गुलाब, एरंड, पुदिना ही त्यांतील आपल्या परिचयाची. अश्वगंधेवरील तिच्या उपद्रवाची भारतातील नोंद २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडेच्या परिसरात पॉलिहाऊसमधून गुलाब काढणाऱ्यांना तर हा कोळी वेगळा सांगावा लागत नाही.

येथे दोन खुलासे आवश्यक वाटतात. सिंधुदुर्गात ‘कोळी’ म्हटले की बागायतदारांस नारळावरचा कोळी आठवतो. भारतात १९९८ मध्ये केरळात प्रथम दिसलेला आणि पुढे किनाऱ्याने पसरलेला तो इरिओफाईड कोळी निराळा. तो अळीसारखा लांबट, चारच पायांचा, कोवळ्या फळाच्या देठाकडील टोपीखाली राहणारा. नारळावर तपकिरी, चिरा पडलेले चट्टे उठतात ते त्याचे काम. तो जाळे विणत नाही आणि अश्वगंधेवर येत नाही. नावाच्या साधर्म्याने एकाचे औषध दुसऱ्यास देऊ नये.

दुसरा खुलासा ग्रंथासंबंधी. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील आठव्या अध्यायात सोळा लूतांचे वर्णन आहे. ते मनुष्यास होणाऱ्या लूताविषाचे आहे. वनस्पतीचा रस शोषणारा हा डोळ्यांस जेमतेम दिसणारा जीव तेथे अभिप्रेत आहे, असे म्हणण्यास आधार नाही. ग्रंथांचा गौरव त्यांत नसलेले काढून वाढत नाही.

रूप व व्यवच्छेदक निदान

हा कोळी पानाच्या पाठीमागे राहतो, सुईसारखे मुखावयव पेशींत खुपसतो आणि आतील द्रव्य शोषतो. रिकाम्या झालेल्या प्रत्येक पेशीसमूहाचा एकेक फिकट ठिपका पानाच्या पुढील बाजूस उमटतो. आरंभी ते मध्यशिरेजवळ विरळ असतात. पुढे एकमेकांत मिसळून पान राखट, मग तांब्याच्या रंगाचे होते. शेवटी दोन पानांमध्ये व शेंड्यावर तलम जाळे दिसते. जाळे हे उपद्रव फार वाढल्याचे लक्षण होय. त्याची वाट पाहणे म्हणजे ज्वर सन्निपातावर जाईपर्यंत थांबणे होय.

निदानास दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरे. पान उलटे करून शिरेच्या कडेने पाहावे. हालणारे जीव, काचेच्या मण्यांसारखी गोल अंडी आणि टाकलेल्या पांढुरक्या काती ही तिन्ही एकत्र दिसली तर निदान निश्चित. भिंग नसल्यास पांढरा कागद पानाखाली धरून फांदी झटकावी. कागदावर पडलेले धुळीचे कण जर चालू लागले, तर ती धूळ नव्हे.

फिकट ठिपके मात्र केवळ कोळ्यामुळेच येतात असे नाही. तुळशीच्या पानांवर असेच ठिपके पाडणारा एक लहान जाळीदार पंखांचा ढेकूण आहे. त्याच्या खुणा म्हणजे पानाच्या मागे डांबराच्या थेंबांसारखी काळी विष्ठा आणि सहा पायांचे चपटे जीव. फुलकिड्यांनी पान चांदीसारखे चकाकते, त्यावरही काळे ठिपके असतात. परंतु जीव लांबट व सडपातळ. लोहाच्या अभावात कोवळे पान पिवळे पडते, शिरा हिरव्या राहतात, आणि भिंगाखाली काहीच चालताना दिसत नाही. आमची पहिली चूक येथेच झाली. अभाव समजून दिलेल्या नत्राने पाने लुसलुशीत झाली, आणि अशा पानांवर कोळ्याची मादी अधिक अंडी घालते.

हेतू : उष्ण, रूक्ष आणि पावसापासून दूर

या कोळ्यास उष्ण व कोरडी हवा मानवते. तीस अंशांच्या आसपास तापमान असल्यास अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास एक आठवडा ते दहा दिवस लागतात. एक मादी आपल्या दोन-चार आठवड्यांच्या आयुष्यात शंभराच्या घरात अंडी घालू शकते. नराशी संयोग न होताही ती अंडी घालते आणि त्यांतून नर निपजतात. म्हणजे एक मादी कुंडीवर आली तरी वंश सुरू होतो. थंड देशांत हिवाळ्यात तिच्या वाढीस विराम पडतो. आपल्या किनाऱ्यावर तसा हिवाळा नाही.

मग कोकणात हा सर्वत्र का माजत नाही? उत्तर पावसात आहे. जोराची सर पानांच्या पाठी धुऊन काढते, जाळी तोडते, जीव मातीत पाडते. दमट हवेत त्याची वाढही मंदावते. अंगणातील झाडांची ही चिकित्सा निसर्ग दरवर्षी चार महिने विनामूल्य करतो. पॉलिहाऊस, शेडनेटवरील प्लास्टिक, पडवी, फ्लॅटची बाल्कनी, खिडकीची आतील बाजू या ठिकाणी मात्र ही सर पोहोचत नाही. अश्वगंधेस पावसापासून वाचवण्यासाठी घातलेल्या छताने आम्ही कोळ्यासही पावसापासून वाचवले होते. त्यात रस्त्याची धूळ पानावर साचली की कोळ्यांचे भक्षक जीव अडखळतात आणि कोळी निर्धास्त होतो.

आगंतुक हेतू दोन : नवे रोप आणि आपले हात. रोपवाटिकेतून आणलेले रोप थेट इतर कुंड्यांत ठेवणे, आणि बाधित झाडाची पाने खुडून त्याच हातांनी निरोगी झाड हाताळणे. वाऱ्यावर तरंगणाऱ्या तंतूंवरूनही तो पसरतो, पण कुंड्यांच्या बागेत बहुधा आपणच त्यास नेऊन सोडतो.

विषप्रयोगाने व्याधी का वाढला?

शेतातील किंवा बागेतील प्रत्येक पानावर कोळी असतो तसे त्याचे वैरीही असतात. मोहरीएवढा काळा भुंगेरा, आणि कोळ्यांनाच खाणारे दुसरे कोळी हे त्यांतील प्रमुख. भक्षक कोळी भिंगाखाली ओळखणे सोपे : अंग पेरूच्या आकाराचे, तकतकीत, पाय लांब, आणि चाल फार चपळ. आपण फवारलेले सायपरमेथ्रिनसारखे विष या वैऱ्यांना आधी मारते. लाल कोळी जाळ्याआड व पानामागे पुष्कळसा वाचतो, त्याची अंडी तर वाचतातच. उरलेल्या माद्या विखरून नव्या पानांवर जातात. रक्षक मेले आणि चोर पांगले, अशी ती अवस्था. आठ दिवसांचा आराम आणि नंतरचा दुप्पट उद्रेक यांचे कारण हेच.

शिवाय हा जीव विष पचवण्यात पटाईत आहे. २०११ मध्ये त्याची संपूर्ण जनुकीय मांडणी प्रसिद्ध झाली, तीत विष निष्प्रभ करणाऱ्या जनुकांची मोठी संख्या आढळली. नव्वदहून अधिक रासायनिक द्रव्यांना त्याने प्रतिकार दाखवल्याच्या नोंदी आहेत. एके काळी कोळ्यावर हुकमी समजले जाणारे डायकोफॉल २०१९ मध्ये स्टॉकहोम करारान्वये निर्मूलनाच्या यादीत गेले, आणि भारतात त्यावर २०२३ मध्ये बंदी आली. कोणाच्या जुन्या कपाटात त्याची बाटली असेल तर ती वापरू नये.

भक्षक कोळ्यांचा हेतुतः उपयोग ही नवी गोष्ट नाही. १९५८ मध्ये चिलीहून जर्मनीस गेलेल्या ऑर्किडच्या रोपांवर डॉसे या शास्त्रज्ञास असा एक भक्षक कोळी आढळला. फायटोसियुलस पर्सिमिलिस हे त्याचे नाव. पुढे युरोपातील काचगृहांत लाल कोळ्याच्या नियंत्रणासाठी तो पाळून सोडला जाऊ लागला. आपल्या अंगणात असे जीव मुळात असतात. त्यांना मारावयाचे नाही, एवढे जरी आपण केले तरी अर्धी चिकित्सा होते.

चिकित्साक्रम

निदानपरिवर्जन ही पहिली पायरी. नवे रोप आणल्यास तीन आठवडे वेगळे ठेवावे व दोनदा भिंगाने तपासावे. नत्रयुक्त खत थांबवावे. कुंड्या एकमेकींना न टेकतील अशा मांडाव्यात, धूळ धुवावी, आणि मातीस नियमित पाणी द्यावे. तहानलेल्या झाडावर कोळ्याचा जोर अधिक चालतो. बाधित कुंडी सर्वांत शेवटी हाताळावी आणि नंतर हात धुवावेत.

दुसरी पायरी शोधनाची. जाळे धरलेले शेंडे व तांबूस पाने कापून पिशवीत घालावीत आणि जाळावीत. खताच्या खड्ड्यात टाकू नयेत. नंतर कुंडी आडवी करून नळीच्या जोरदार पाण्याने पानांच्या पाठी धुवाव्यात. हे सकाळी करावे, म्हणजे पाने सायंकाळपर्यंत सुकतात व बुरशीस वाव राहत नाही. अंडी पानाला चिकटून राहतात आणि उष्ण दिवसांत तीन ते पाच दिवसांत फुटतात. म्हणून एका धुण्याने कार्यभाग होत नाही; दर तिसऱ्या दिवशी असे तीन आठवडे धुवावे. घरातील दोन-चार कुंड्यांस बहुधा एवढेच पुरते.

एवढ्याने न भागल्यास तिसरी पायरी. एक लिटर कोमट पाण्यात १ मिलिलिटर सौम्य द्रव साबण विरघळवून त्यात ५ मिलिलिटर निंबतेल घालावे व पांढरट होईपर्यंत ढवळावे. कपडे धुण्याची पावडर वापरू नये, तिने पाने करपतात. प्रथम दोन पानांवर लावून एक दिवस पाहावे. फवारणी ऊन उतरल्यावर, पानांच्या पाठी पूर्ण भिजतील अशी करावी. हे द्रव्य अंगास लागले तरच काम करते, वरून शिंपडलेले व्यर्थ. सहा-सात दिवसांच्या अंतराने तीन वेळा. फवारलेली पाने औषधासाठी घेऊ नयेत. उपद्रव शमल्यावर आलेल्या नव्या पालवीचाच वापर करावा.

पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाचाही या कोळ्यावर उपयोग होतो. प्रमाण लिटरला २ ग्रॅम. मात्र तापमान ३२ अंशांच्या वर असताना, तसेच निंबतेलाच्या फवारणीनंतर दोन-तीन आठवड्यांच्या आत गंधक मारल्यास पाने जळतात. फाल्गुन-चैत्रातील आपले ऊन पाहता कोकणात हा उपाय जपूनच करावा. आणि हे सांगणे कदाचित अनावश्यक असेल, तरी सांगतो : फवारणीचा गंधक आणि रसशास्त्रातील शोधित गंधक ही भिन्न द्रव्ये समजून त्यांची कपाटेही वेगळी ठेवावीत.

अपथ्य. तंबाखूचा काढा, आणि कण्हेर-धोतरा घालून केलेले अर्क ‘नैसर्गिक’ म्हणून पुष्कळ ठिकाणी फवारले जातात. कण्हेर व धोतरा यांची गणना आपण उपविषांत करतो, आणि तंबाखूतील निकोटिन हेही तीव्र विषच. ज्या पानाचा स्वरस बालकाच्या मुखात जाणार आहे, त्यावर हे द्रव्य ‘घरगुती’ म्हणून फवारणे कोणत्या न्यायाने बसते? विष बाटलीतून आले काय आणि कुंपणावरून आले काय, वैद्याने दोहोंस एकाच मापाने मोजले पाहिजे.

साध्यासाध्यतेचाही विचार करावा. निम्म्याहून अधिक पाने गेलेली आणि शेंड्यांना जाळे धरलेली कुंडी असाध्य समजून नष्ट करावी. एका झाडाच्या मोहापायी बाग घालवू नये. निदानाविषयी शंका राहिल्यास पान बंद पिशवीत घालून किर्लोस येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले येथील संशोधन केंद्रात दाखवावे.

औषधनिर्मात्यांसाठी

चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात ग्राह्य औषधींचे वर्णन करताना काळ, ऊन, अग्नी, पाणी, वारा आणि जंतू यांनी ज्यांचे गंध, वर्ण, रस, स्पर्श व प्रभाव बिघडलेले नाहीत अशी द्रव्ये घ्यावीत, असे सांगितले आहे. त्या कसोटीने कोळ्याने शोषलेले पान त्याज्य ठरते. परंतु व्यवहारात धोका उलट बाजूने अधिक येतो. ठिपक्यांचे पान परत जाते, म्हणून उत्पादक भरपूर फवारतो. आणि निष्कलंक, हिरवे पान आपण समाधानाने स्वीकारतो. आमच्या अडुळशाची पाने तशीच निष्कलंक होती.

म्हणून माल घेताना दोन गोष्टी कराव्यात. पहिली, सुक्या पानांचा नमुना भिंगाखाली पाहावा. पान सुकले की जिवंत कोळी निघून जातात, पण जाळे, काती आणि ठिपके राहतात. दुसरी आणि अधिक महत्त्वाची : काय फवारले, केव्हा फवारले आणि तोडणी केव्हा झाली, याची लेखी नोंद पुरवठादाराकडे मागावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या औषधी वनस्पती लागवड व संकलनविषयक मार्गदर्शिकेत अशा नोंदींवर भर आहे. आयुर्वेदिक फार्माकोपियात कीडनाशकांच्या अवशेषांच्या मर्यादाही दिलेल्या आहेत. शंकास्पद माल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा. ‘आम्ही मूळ घेतो, पानावर काही का मारेना’ हे म्हणणेही टिकत नाही. काही द्रव्ये आंतरप्रवाही असतात, आणि पानावरून गळलेला थेंब शेवटी मुळाच्या मातीतच जातो. कीडनाशकांच्या लेबलावर ज्या पिकांसाठी मान्यता आहे त्यांची नावे असतात. तेथे बहुतेक औषधी वनस्पतींची नावे आढळत नाहीत, म्हणजे तोडणीपूर्वी किती दिवस थांबावे याचा आधारही मिळत नाही.

ज्या उत्पादकाकडे थोडी ठिपकेदार पाने आणि खरी नोंदवही आहे, त्याची ठिपकेदार पाने निवडून काढावीत आणि उरलेल्या मालास बरा दर द्यावा. तो दर आपण देणार नसू, तर विषमुक्त द्रव्याची अपेक्षा करण्याचा अधिकारही आपणांस राहत नाही.

समारोप

सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात झाडांच्या व्याधींचाही वात, पित्त, कफ असा विचार आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत फिकट झालेली पाने हे वृक्षरोगाचे लक्षण सांगून दूषित भाग शस्त्राने काढून टाकणे ही चिकित्सेची पहिली क्रिया मानली आहे. आज आपल्या हाती भिंग आहे, जे त्यांच्या हाती नव्हते. तेवढे तरी आपण वापरावे.

आमच्या बागेपुरते सांगावयाचे तर अश्वगंधेच्या बहुतेक कुंड्या आम्ही जाळल्या. फवारलेला अडुळसा वैशाखात जमिनीपासून वीतभर ठेवून छाटला, छपराबाहेर अंगणात लावला आणि मृगाच्या सरींवर सोपवला. श्रावणात त्यास भरपूर नवी पालवी आली. ती आम्ही पाठीमागून, पुढून भिंगाखाली पाहिली, आणि मग त्या भगिनींना निरोप धाडला. मुलाचा खोकला तोवर केव्हाच बरा झाला होता. तरीही त्या आल्या आणि घरी लावण्यासाठी एक फांदी घेऊन गेल्या. ‘यावर काही मारावे लागेल काय?’ असे त्यांनी जाताना विचारले. आम्ही सांगितले, ‘पाणी. आणि पान उलटून पाहत जा.’